भंगारातले 'उष्णतेचे डोळे' : काट्यावर चढवण्यापूर्वी ओळखा

भंडारा जिल्हा हा भट्ट्यांचा जिल्हा आहे. भंडारा शहराची ओळख तांब्या-पितळेच्या भांड्यांनी झाली. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. त्याच तालुक्यात माणेकनगरला फेरो-मँगनीजचा कारखाना होता, तो पुढे बंद पडला. वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे. जिथे भट्टी तिथे तिचे तापमान मोजणारे उपकरण आलेच. कारखान्याने नवे यंत्र घेतले, कॉलेजने प्रयोगशाळा बदलली किंवा एखादा जुना कारखाना मोडीत निघाला, की ही उपकरणे मोटारी, केबल आणि व्हॉल्व्ह यांच्याबरोबर एकाच ढिगात भंगाराच्या गोदामात येऊन पडतात.

भंडारा, तुमसर आणि नागपूरच्या भंगार धंद्यात आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत. लोखंड, तांबे, पितळ, जस्त, अॅल्युमिनियम यांची पारख त्यांना बोटाच्या स्पर्शाने होते. पण या ढिगातील एक जात अशी आहे की जिची किंमत काट्यावर कळत नाही. ती म्हणजे उष्णता 'पाहणारी' जुनी उपकरणे : भट्टीची दुर्बीण, म्हणजेच पायरोमीटर, अंधारात पाहण्याची इन्फ्रारेड दुर्बीण आणि जुना थर्मल कॅमेरा. देशोदेशी अशा वस्तूंचा शौक असलेले संग्राहक आहेत. हातोड्याखाली गेलेली वस्तू त्यांच्या लेखी संपते, साबूत राहिलेली वस्तू मोल आणते. मात्र या मालाबरोबर काही धोके आणि काही कायदेही येतात. म्हणून हा विषय आम्ही आज सविस्तर मांडत आहोत.

तळहाताला कळते ते डोळ्याला दिसत नाही

कल्हईवाला भांडे तापवतो, नवसागर टाकतो आणि कथील फिरवतो. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. या तापमानाला भांडे लाल होत नाही, डोळ्याला काही वेगळे दिसत नाही. तरीही अनुभवी कल्हईवाला तळहात भांड्यावर धरून सांगतो की आता वेळ झाली. हाताला जी धग जाणवते, तिच्यातील मोठा भाग अवरक्त म्हणजे इन्फ्रारेड किरणांचा असतो. प्रत्येक गरम वस्तू हे किरण बाहेर टाकते. वस्तू साधारण ५२५ अंशांच्या पुढे तापली की अंधारात तिचा मंद लाल रंग दिसू लागतो. मग लाल, नारिंगी, पिवळा, पांढरा असे रंग चढत जातात. भट्टीवरचा कारागीर मुशीचा रंग पाहून ओतण्याची वेळ ठरवतो, ती याच नियमावर. पितळ अति तापले तर त्यातील जस्त पांढऱ्या धुराच्या रूपाने उडून जाते, माल बिघडतो आणि कारागिराच्या छातीलाही तो धूर बाधतो. म्हणून ही नजर म्हणजे कारागिराची रोजीरोटीच होय.

या न दिसणाऱ्या किरणांचा शोध १८०० साली इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल यांनी लावला. त्यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले आणि प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवला. लाल रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच प्रकाश दिसत नव्हता, तिथे पारा सर्वांत जास्त चढला. पुढे १८८० च्या सुमारास अमेरिकेत सॅम्युएल लँग्ली यांनी बोलोमीटर नावाचे अतिशय संवेदनशील उपकरण तयार केले. आपल्या देशाचा वाटाही यात मोठा आहे. कोलकात्याच्या जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेना या शिशाच्या खनिजाचा वापर करून किरण टिपणारे उपकरण बनवले. त्याच्या पेटंटचा अर्ज १९०१ मध्ये झाला आणि १९०४ मध्ये अमेरिकेचे पेटंट मिळाले. गॅलेना म्हणजे लेड सल्फाइड. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी इन्फ्रारेड शोधक बनवले ते याच पदार्थाचे.

आपल्याकडे बहुधा काय सापडेल?

आपल्या जिल्ह्यात सापडण्याची सर्वांत जास्त शक्यता आहे ती भट्टीच्या दुर्बिणीची. तिचे दोन प्रकार ध्यानात ठेवावेत.

पहिला प्रकार 'अदृश्य होणाऱ्या तारेचा' पायरोमीटर. जर्मनीत हॉलबॉर्न आणि कुर्लबाउम यांनी १९०१ मध्ये आणि अमेरिकेत मोर्स यांनी त्याच सुमारास तो पुढे आणला. रचना सोपी आहे. दुर्बिणीतून भट्टीकडे पाहायचे. आत एक छोटा दिवा असतो, त्याची तार भट्टीच्या उजेडावर काळी रेघ म्हणून दिसते. बटण फिरवून बॅटरीचा प्रवाह वाढवला की तार उजळते. तार आणि भट्टी एकाच तेजाची झाली की रेघ दिसेनाशी होते. त्या क्षणी काटा दाखवील ते तापमान. साधारण ७०० अंशांच्या वरच हे यंत्र चालते. काटेकोरपणे बोलायचे तर हे यंत्र दिसणाऱ्या लाल प्रकाशावर काम करते, इन्फ्रारेडवर नव्हे. पण संग्राहक त्याला याच घराण्यात धरतात. आमच्या मते हे यंत्र म्हणजे जुन्या कारागिराची नजरच नळीत बसवलेली आहे.

दुसरा प्रकार संपूर्ण प्रारणाचा पायरोमीटर. फ्रान्सच्या फेरी यांनी १९०२ मध्ये तो आणला. यात आरसा किंवा भिंग भट्टीची सगळी धग, इन्फ्रारेडसकट, एका बारीक थर्मोकपलवर एकवटते आणि मीटरचा काटा हलतो. डोळ्याची गरजच राहत नाही.

नावपाटीवर फिलाडेल्फियाची लीड्स अँड नॉर्थ्रप, इंग्लंडची केंब्रिज इन्स्ट्रुमेंट कंपनी, शेफील्डची लँड, जर्मनीची सीमेन्स अँड हाल्स्के किंवा हार्टमान अँड ब्राउन अशी नावे दिसली तर हात थांबवावा. आपल्याकडील कॉलेजांच्या प्रयोगशाळांतील यंत्रांवर तोश्नीवाल हे देशी नावही वाचायला मिळते.

रात्रीची दुर्बीण आणि उष्णतेचा कॅमेरा

या दोन वस्तूंची गल्लत नेहमी होते. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन 'स्नायपरस्कोप' किंवा जर्मन 'व्हॅम्पायर' यांत एक मोठा इन्फ्रारेड दिवा असे. दिवा समोरच्या माणसावर न दिसणारा उजेड टाकी आणि दुर्बिणीतील नळी तो उजेड हिरवट चित्रात बदलून दाखवी. दिवा बंद झाला की दुर्बीण आंधळी. थर्मल कॅमेऱ्याला दिव्याची गरज नसते. तो वस्तूच्या अंगची उष्णताच टिपतो.

बाजारात विकला गेलेला पहिला थर्मल कॅमेरा स्वीडनच्या आगा कंपनीने १९६५ मध्ये विजेच्या तारांच्या तपासणीसाठी दिला. सैल झालेला जोड तापतो आणि चित्रात उठून दिसतो. याच कंपनीच्या १९६९ च्या 'थर्मोव्हिजन ६६१' या संचात कॅमेरा सुमारे २५ किलोचा, चित्र दाखवणारा ऑसिलोस्कोप २० किलोचा आणि तिपाई १५ किलोची होती. शिवाय जनरेटर आणि १० लिटर द्रवरूप नायट्रोजन बरोबर न्यावे लागे. ज्या तपासणीला तेव्हा गाडीभर सामान लागे, ती आज खिशात मावणारा कॅमेरा करतो. नंतरच्या काळात अमेरिकेच्या ह्यूजचा 'प्रोबआय', इन्फ्रामेट्रिक्स आणि आगाचीच पुढची कंपनी आगेमा ही नावे चालली. १९९० च्या दशकात थंड न करता चालणारे शोधक बाजारात आले आणि जुने जड कॅमेरे अडगळीत गेले. वीज केंद्रे, मोठे कारखाने आणि संशोधन संस्था यांच्या लिलावात असे कॅमेरे निघू शकतात.

ओळखीची खूण : आरशासारखे काळे भिंग

जुन्या थर्मल कॅमेऱ्याचे भिंग काचेचे नसते, कारण साधी काच लांब लहरींची उष्णता अडवते. ते बहुधा जर्मेनियमचे असते. दिसायला करड्या-काळ्या धातूच्या आरशासारखे, आरपार काहीच दिसत नाही आणि हाताला काचेपेक्षा दुपटीने जड. अनजान माणूस 'भिंग काळे पडले' म्हणून ते फोडतो किंवा धातू समजून ठोकून पाहतो. जर्मेनियम काचेसारखे तडकते. हा धातूसारखा दिसणारा पदार्थ महाग आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून चीनने त्याच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, तेव्हापासून जगाच्या बाजारात त्याची चणचण जाणवली. तरीही आमचा सल्ला असा की भिंग कॅमेऱ्यातून काढू नये. संग्राहकाला भिंगासकट कॅमेरा हवा असतो, भिंगाविना राहिलेला सांगाडा कोणी विचारत नाही.

घासू नका, जोडू नका, उघडू नका

भंडाऱ्याच्या माणसाला पितळ दिसले की ते लखलखीत करावेसे वाटते. भांड्याच्या बाबतीत हे योग्यच आहे. जुन्या उपकरणाच्या बाबतीत मात्र तीच चूक महागात पडते. मूळ लाखेचा थर, जुनी झाक, पट्टीवरचे आकडे घासले गेले की वस्तूचे मोल उतरते. कोरड्या मऊ फडक्याने धूळ झटकावी, त्यापुढे जाऊ नये.

चालते की नाही हे पाहण्यासाठी घरच्या विजेला जोडू नये. पायरोमीटरचा दिवा थोड्याशा व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. जास्त दाब दिला की तार जळते. ती तार आणि पट्टीवरचे आकडे यांचे गणित कारखान्यात जुळवलेले असते, त्यामुळे दुसरा दिवा बसवून वाचन बरोबर येत नाही.

आपला मुलूख धानाचा आणि चार महिने पावसाचा. ओलीने भिंगावर बुरशी धरते, चामड्याच्या पेटीला वाळवी लागते. वस्तू पेटीसह कोरड्या जागी ठेवावी, बरोबर सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. मूळ पेटी, माहितीपुस्तिका, तपासणीचा दाखला, जुने बिल यांतील कागदाचा एक कपटाही फेकू नये. कागदांसह असलेल्या वस्तूला नेहमीच वेगळा भाव येतो.

धोका कुठे आहे?

एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात जे घडले ते या धंद्यातील प्रत्येकाने लक्षात ठेवावे. एका विद्यापीठाने लिलावात काढलेले जुने उपकरण भंगारवाल्यांनी तोडले. त्यात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ होता. एकाचा जीव गेला, इतर अनेकजण गंभीर आजारी पडले. ते उपकरण इन्फ्रारेडचे नव्हते. पण धडा तोच आहे : प्रयोगशाळेतून आलेली, काय आहे हे न कळणारी वस्तू तोडू नये. तीन पात्यांची किरणोत्साराची खूण दिसली तर हात लावू नये, माणसे दूर करावीत आणि पोलिसांना व अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवावे.

आपल्या विषयातील धोके लहान आहेत, पण आहेत. काही जुन्या इन्फ्रारेड भिंगांवर थोरियमच्या संयुगाचा पातळ थर असतो. भिंग साबूत असेल तर चिंता नाही, पण ते घासणे, फोडणे, कानशीने पाहणे टाळावे. काही शोधकांत पारा आणि कॅडमियम यांची संयुगे असतात. लष्करी उपकरणांच्या चमकणाऱ्या पट्ट्यांवर रेडियमचा रंग असू शकतो. रात्रीच्या दुर्बिणीला हजारो व्होल्टचा दाब लागतो आणि वीज तोडल्यावरही तो कंडेन्सरमध्ये टिकून राहू शकतो. काही कॅमेऱ्यांबरोबर दाबाखालील वायूची बाटली येते, ती कापू नये. द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांचा असतो. गावोगावी जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी त्याची टाकी येते, म्हणून तो अनेकांना ओळखीचा वाटतो. पण बंद खोलीत तो हवेतील प्राणवायू हटवतो. कॅमेरा 'चालवून दाखवण्यासाठी' तो अनभ्यस्त माणसाने ओतू नये.

कायद्याची बाजू

पहिली गोष्ट कागद. सरकारी उपक्रमांचे बरेच भंगार एमएसटीसी या केंद्र सरकारच्या कंपनीच्या ई-लिलावातून निघते. लिलावाचा आदेश, माल उचलल्याची पावती आणि बिल जपून ठेवावे. आपल्या जिल्ह्यात जवाहरनगरला १९६४ पासून आयुध निर्माणी आहे. २०२१ पासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेडच्या अखत्यारीत आहे. असा शेजार असताना लष्करी बनावटीची, बिनकागदाची दुर्बीण कोणी दारावर आणली तर ती कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसे मानायला कारण असून तो घेणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. एका दुर्बिणीपायी वर्षानुवर्षांची पत घालवण्यात शहाणपण नाही.

दुसरी गोष्ट निर्यात. परदेशी ग्राहक मिळाला म्हणून थर्मल कॅमेरा पार्सलने पाठवता येत नाही. लष्करी आणि दुहेरी वापराच्या वस्तूंची 'स्कोमेट' नावाची यादी आहे. अंधारात पाहण्याची आणि उष्णतेचे चित्र दाखवणारी अनेक उपकरणे तिच्यात येतात. यादीतील वस्तूला विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना लागतो. वस्तू जुनी आहे, बंद आहे, एवढ्याने सुटका होईल असे गृहीत धरू नये.

तिसरी गोष्ट वय. १९७२ च्या प्राचीन वस्तू व कलासंपदा कायद्यात शंभर वर्षे पूर्ण झालेल्या, विज्ञान वा हस्तकलेची साक्ष देणाऱ्या वस्तूही 'प्राचीन वस्तू' ठरू शकतात. अशा वस्तूचा धंदा करायला परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. सुरुवातीच्या काळातील पायरोमीटर आता या वयाला पोहोचले आहेत. म्हणून नावपाटीवरचे साल पाहणे केवळ भावासाठी नव्हे, कायद्यासाठीही गरजेचे आहे.

चौथी गोष्ट मोडतोड. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ लागू आहेत. इलेक्ट्रॉनिक उपकरण मोडायचेच असेल तर ते नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे गेले पाहिजे.

भाव कसा ठरवावा?

आम्ही येथे आकडा देत नाही, कारण या बाजारात ठरलेला भाव नाही. एकाच बनावटीच्या दोन वस्तूंपैकी एक हजारांत जाते, दुसरीला गिऱ्हाईक मिळत नाही. काही कसोट्या मात्र सांगता येतात. इंटरनेटवर विक्रेत्याने मागितलेली किंमत हा भाव नव्हे. प्रत्यक्ष सौदा कितीला झाला ते पाहावे. वस्तू पूर्ण आहे का, नावपाटी आणि क्रमांक शाबूत आहेत का, पेटी आणि कागद आहेत का, तार जळालेली आहे का, हे चार प्रश्न आधी स्वतःला विचारावेत. चारही बाजूंचे आणि नावपाटीचे स्वच्छ फोटो काढावेत.

जे दोष दिसतात ते गिऱ्हाइकाला आपण होऊन सांगावेत. 'चालू आहे' असे तपासल्याशिवाय म्हणू नये. ऐब लपवून माल खपवणे आपल्या दीनात नाजायज आहेच, या धंद्यात ते तोट्याचेही आहे. संग्राहकांची दुनिया लहान आहे, एकमेकांना ओळखणारी आहे. एकदा नाव खराब झाले की दुसरे गिऱ्हाईक येत नाही.

कारागिरालाही काम आहे

स्टीलच्या भांड्यांनी पितळेचा बाजार खाल्ला आणि अनेक घरांतील भट्टी विझली. जुन्या उपकरणांच्या दुरुस्तीने ती पुन्हा पेटेल असे म्हणणे फसवणूक ठरेल. पण हाताला थोडे काम यातून मिळू शकते. हरवलेला पितळी स्क्रू, वाकलेले झाकण, तुटलेली कडी जुन्या मापाने नव्याने घडवणे हे यंत्राच्या नव्हे, हाताच्या कसबाचे काम आहे. लाकडी पेटी सुताराची, चामड्याचा पट्टा मोच्याचा, बारीक काट्याची दुरुस्ती घड्याळजीची. एक अट मात्र पाळावी : नवा घडवलेला भाग नवा आहे हे लिहून द्यावे आणि जुना तुटका भाग फेकू नये, पेटीतच ठेवावा.

ज्या वस्तूला गिऱ्हाईक नाही तीही वाया जात नाही. अदृश्य होणाऱ्या तारेचा पायरोमीटर शाळेच्या विज्ञान शिक्षकाला दिला तर भट्टीच्या गावातील मुलांना आपल्या आजोबांच्या कसबामागचे शास्त्र पाहता येईल. नागपूरला १९९२ पासून रमण विज्ञान केंद्र आहे. अशा संस्थांकडे विचारणा करायला काही खर्च येत नाही.

व्यापारी बांधवांना आमचे सांगणे एवढेच की गोदामात एक फळी वेगळी ठेवा. नावपाटी असलेले, भिंग असलेले, आकड्यांची पट्टी असलेले जे काही ढिगात येईल ते हातोड्याखाली न घालता आधी त्या फळीवर ठेवा. कागद तपासा, धोक्याची खूण पाहा, मुलांपैकी कोणी शिकलेला असेल तर त्याच्याकडून नाव शोधून घ्या. महिनाभराने फळीवर काहीच कामाचे निघाले नाही तर माल पितळेच्या भावाने जाईलच, नुकसान काही नाही. पण तोडलेली वस्तू कोणत्याही भावाने परत जुळत नाही.